झालं म्हणणारा फोटोवाला

“झालं!” तो म्हणाला, आणि मी माझ्या हातातली दोन टोकं सोडून दिली. काळा पडदा फरशीवर पडला.

रविवारचं फोटोचं काम आटोपलं की मागे लावलेला तो पडदा आम्ही दोघं मिळून घडी करायचो. बायका साडीची घडी करतात तशी. दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे. जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागे सरायचं. मधेच केव्हातरी तो “झालं!” म्हणायचा, आणि झालेलं नसायचं. मी हात सोडला की हा पोट धरून हसायला मोकळा. “छत्तीस वर्षं गिरणीत होतास म्हणे! कापड कधी सोडायचं ते अजून कळेना लेकाला.”

त्या रविवारीही मी फसलो. शिव्या दिल्या, पडदा उचलला, झटकला, पुन्हा घडी घातली. त्यानं तो फळीवर ठेवला आणि म्हणाला, “पुढच्या रविवारी कोट घालून ये.” मी म्हटलं, “बघू.” हे आमचं शेवटचं बोलणं. चांगलं काही बोलायला हवं होतं असं आता वाटतं. पण चांगलं आम्ही कधी बोललोच नव्हतो, तर त्याच दिवशी कुठून बोलणार?

अमेरिकेत, मिशिगनमधल्या या नोव्हाय गावात मुलाकडे नाहीतर मुलीकडे राहायला आलेले म्हातारे तुम्ही पाहिले असतील. पायात मुलानं आणलेले पांढरेशुभ्र बूट, डोक्याला माकडटोपी, हात मागे बांधलेले, आणि फुटपाथवर दुसरं कुत्रंसुद्धा नाही. फोटोवाला त्यांतलाच. फक्त त्याचे हात मागे नसायचे. समोरून कुणी आलं की हा त्याच्या हनुवटीकडे बघून बोटानं हवेतच ती जराशी वर करायचा. गोरे लोक घाबरून रस्ता ओलांडायचे. कराडजवळ त्याचा चाळीस वर्षं स्टुडिओ होता. बायको गेली तशी लेकीनं त्याला इकडे आणला. स्टुडिओ गेला, बोट राहिलं.

त्याला शोधलं आमच्या हिनं. हिला माणसं सापडायची. एका संध्याकाळी फिरून आली आणि म्हणाली, “रविवारी आपल्याबरोबर एक जण येणार आहेत. एकटे आहेत बिचारे.” मी म्हटलं, “एकटा माणूस बिचारा असतो असं कुणी सांगितलं?” तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आम्ही बौद्ध माणसं. नागपूरला विहार घराजवळ होतं. इथं आपलं जवळ नाही, म्हणून मुलगा दर रविवारी गाडीनं थाई लोकांच्या विहारात सोडायचा. पाली त्यांचीही, पाली आमचीही. चाल वेगळी, पण दोन रविवारांत सापडते. वंदना झाली की भंतेजींचं जेवण, आणि मग आपलं. पहिल्या दिवशी फोटोवाला वंदनेला मागे भिंतीला टेकून बसला आणि जेवणाच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहिला. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि त्यावर आंब्याच्या फोडी. दोन घास खाल्ले आणि हिला म्हणाला, “वहिनी, मी कुठल्या धर्माचा ते मला अजून नक्की नाही. पण हा भात ज्या धर्माचा आहे, त्यात जागा आहे का बघा.”

एप्रिलमध्ये थाई लोकांचं नवं वर्ष असतं. त्या दिवशी सगळे आपापल्या जुन्या वेशात येतात. बायका एक खांदा उघडा ठेवून रेशमी पट्टा घेतात. पुरुषांचं नेसणं पाहिलं आणि मी भर सभेत ओरडलो, “अरे, हे तर आपलं धोतर!” खरंच, पुढून फुगीर आणि मागे कासोटा. मोटारीच्या कंपनीतला एक थाई इंजिनिअर फोनवर बघून नेसून आला होता. त्याचा कासोटा भंतेजींच्या समोरच सुटला. मी त्याला चपला ठेवतात त्या खोलीत नेलं आणि आवळून बांधून दिला. बाहेर फोटोवाला कॅमेरा घेऊन उभाच. त्यानं पोराला खिडकीजवळ उभं केलं, हनुवटीला बोट लावलं. त्या दिवशी आमच्या नेमणुका झाल्या. कपडे माझ्याकडे, चेहरे त्याच्याकडे.

लोक फोटो बघून मागायला लागले. मग विहारातून आलं की दुपारी त्याच्या लेकीच्या गराजमध्ये आमचं दुकान सुरू. जावयाची गाडी बाहेर बर्फात. जावई बिचारा काही बोलायचा नाही, नुसता काच खरवडत उभा राहायचा. उजेड यायचा गराजच्या दारातून. ते किती वर करायचं यावर सगळं होतं, आणि त्याचं बटण माझ्या हातात. “गुडघ्यापर्यंत! कमरेपर्यंत! अरे, कुणाच्या कमरेपर्यंत? तुझ्या नाही, माणसाच्या!”

जानेवारीत एक थाई बाई आली. उघडा खांदा, सोनेरी पट्टा, केसांत फुलं, आणि पायात गुडघ्यापर्यंत बर्फाचे बूट. तिनं बूट काढायला साफ नकार दिला. फोटोवाला म्हणाला, “राहू दे. कमरेच्या वर थायलंड, कमरेच्या खाली मिशिगन.” फोटो सुंदर आला. त्यात ती राणीसारखी दिसते. तिला थंडी वाजत होती म्हणून मान ताठ होती, हे आपल्यातच राहू दे.

त्याचं सगळं कसब त्या एका “झालं”मध्ये होतं. माणूस स्टुलावर बसला की दगड होतो. ओठ आवळतो, डोळे फाडतो. फोटोवाला दोनदा खटखट करायचा, कॅमेरा खाली घ्यायचा आणि म्हणायचा, “झालं!” माणूस श्वास सोडायचा, खांदे खाली यायचे, घरी आल्यासारखा चेहरा व्हायचा. तेवढ्यात हा पोटापाशीच धरलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचा. खरा फोटो तो. कार्डात हजार फोटो मावतात असं लेक ओरडून सांगायची. हा तीनच काढणार. “पहिले दोन त्याच्या समाधानासाठी, तिसरा माझ्या.” मराठीचा गंध नसलेले थाई म्हातारेसुद्धा शेवटी शेवटी विहारात एकमेकांना भांडी घासून झाली की “झालं!” म्हणायला लागले होते.

आता माझ्या पराक्रमाचं सांगतो.

एक मोंग म्हातारी होती. मोंग म्हणजे थायलंडच्या डोंगरातले लोक. ती आपल्या नातीला फोटोसाठी घेऊन आली. नातीनं चुण्यांचा घागरा घातलेला, निळ्या नक्षीचा. मी सवयीनं काठाला हात लावला आणि माझं तोंड वाकडं झालं. पॉलिस्टर, आणि नक्षी छापलेली. मी काही बोललो नाही, माझी शपथ. पण म्हातारीनं माझं तोंड वाचलं. ती हसली, नातीला काहीतरी म्हणाली, आणि पुढच्या रविवारी एक गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं.

त्यात तिच्या आईच्या हातचा घागरा होता. हातानं कातलेला, हातानं विणलेला, मेणानं नक्षी काढून निळीत बुडवलेला. मागावर आयुष्य गेलं माझं, पण असं कापड हाताखालून गेलं नव्हतं. धागा तागासारखा, पण ताग नव्हे. नातीनं सांगितलं, भांगेच्या झाडाचा. फोटोवाला म्हणाला, “म्हणूनच! नुसता हात लावला तर बघा कसा डोलतोय.” म्हातारीचं ठरलं, आता नात नको, तीच बसणार. घागरा माझ्याकडे ठेवून गेली.

एवढा मान कुणी दिल्यावर माणसानं काहीतरी करायला नको? मी घागरा उघडून पाहिला. बारीक बारीक चुण्या, आणि त्या आडव्या दोऱ्यांनी टाचलेल्या. मला वाटलं, कच्चा धागा काढायचा राहून गेलाय. मी तो सगळा कापून काढला. मग पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री तापवली. एक चुणी ठेवली नाही. तासाभरात घागऱ्याची अशी सपाट चादर केली की गिरणीतल्या साहेबानं पाठ थोपटली असती.

म्हातारी आली. तिनं चादरीकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग नातीच्या कानात काहीतरी बोलली. नात खाली मान घालून म्हणाली, “अंकल, ग्रँडमा सेज, हर मदर टुक वन विंटर. यू टुक वन अवर. शी सेज यू आर व्हेरी स्ट्राँग.”

त्या चुण्या हीच तर कारागिरी होती. दोऱ्यानं टाचून ठेवायच्या म्हणजे मोडत नाहीत, आणि नेसायच्या दिवशीच दोरा काढायचा. फोटोवाला गराजच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभा. मला वाटलं, रडतोय. खांदे हलत होते. हसत होता मेला.

आमची ही मात्र हसली नाही. पदर खोचला, म्हातारीशेजारी बसली आणि म्हणाली, “दाखवा कसं करायचं. यांचं निस्तरायची सवय आहे मला.” हे मराठीत. म्हातारीनं आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघींचं पटकन जमलं, कारण विषय मी होतो. तीन रविवार त्या दोघी चिमटीनं चुण्या धरत बसल्या. मला शिक्षा म्हणून सुईत दोरा ओवून द्यायचं काम. विहारातलं जेवण पोटात, गराजमध्ये हीटरची ऊब, आणि घडीच्या खुर्चीत मी. तीन सुया ओवल्या की माझी समाधी लागायची. जाग आली की ही म्हणायची, “छत्तीस वर्षं कापड विणलं, आणि शेवटी एका बाईचा परकर बिघडवला.” म्हातारी जोरजोरानं मान हलवायची.

म्हातारीचा फोटो नंतर निघाला. काळा झगा, डोक्याला फेटा, गळ्यात आपल्या सरीसारखं जाड चांदीचं कडं, आणि तो घागरा. तिच्या घरात टीव्हीच्या वर लावलाय. मी पाहून आलो.

पुढच्या हिवाळ्यात ही गेली. खोकला धरला आणि पंधरा दिवसांत गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मुलानं खूप शोधला. लग्नाकार्यातल्या फोटोंत ही सगळ्यांच्या मागे, नाहीतर कुणाला तरी वाढताना पाठमोरी. शेवटी ग्रीन कार्डासाठी काढलेला फोटो मोठा करून लावला. अमेरिकन सरकारला तिचे दोन्ही कान बघायचे होते म्हणून केस मागे दाबलेले, हसायला मनाई. काहीतरी चोरताना धरल्यासारखी दिसते. रोज सकाळी चहा घेताना ती चोरटी बाई माझ्याकडे बघायची.

फोटोवाला भेटायला आला. भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “ही कोण?”

मी म्हटलं, “डोळे गेले का? तुझी वहिनी.”

“ही वहिनी नव्हे. वहिनी माझ्याकडे आहे.”

मग त्यानं सांगितलं. घागरा पुरा झाला त्या दिवशी त्यानं हिचा एक फोटो काढला होता. हिनंच बजावून ठेवलं, यांना आत्ता दाखवू नका. आधी यांचा एक धड काढा, मग दोन्ही एकदम द्या. नाहीतर हे माझा बघून हसतील आणि स्वतः काही बसायचे नाहीत.

मी म्हटलं, “खोटं बोलतोस.”

“बस स्टुलावर. मग बघ खोटं की खरं.”

मी कधीच बसलो नव्हतो. दात पडलेले, आणि एकट्याचा फोटो काय काढायचा? त्यात त्याचा नियम, प्रत्येकानं आपल्या वाडवडिलांच्या वेशात बसायचं. मी त्याला तोंडावर सांगितलं, “माझ्या बापाच्या अंगावर धड सदरा नव्हता. गावानं घालू दिला नाही. ती लंगोटी नेसून बसू का तुझ्या स्टुलावर? थायलंडच्या राण्यांच्या रांगेत?”

पुढचा रविवार आला, त्यानं काही विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गराजचं दार वर करताना हळूच म्हणाला, “कोट आहे का रे तुझ्याकडे?”

होता. पोरगं इंजिनिअर झालं तेव्हा पदवीच्या कार्यक्रमासाठी हिनं हट्टानं शिवायला लावलेला. निळा. ज्यांनी आम्हाला माणसात आणलं ते कोट घालत, तर तुम्हीही घाला, असं म्हणाली होती. मी एकदाच घातला होता.

“मग तोच तुमचा वेश,” फोटोवाला म्हणाला. “आम्ही कोण ठरवणारे? घालून ये.”

तरी मी गेलो नाही. दर रविवारी काहीतरी निघायचं. कोट घट्ट होतो, बटण तुटलंय, दाढी वाढलीय. उलट एकदा तो संडासात गेल्यावर मी त्याची फळी उचकली. कपड्यांच्या पेटीखाली पाकीट सापडलं, वर लिहिलेलं, “वहिनी”. उघडलं. आत वहीचा कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत, “चोरा, कोट घालून ये.” पाकीट जागेवर ठेवून मी शहाण्यासारखा पडद्याजवळ उभा राहिलो. तो बाहेर आला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात पुसत शीळ घालायला लागला.

चेष्टा राहू द्या. तुम्हाला खरं सांगतो. मी बसत नव्हतो त्याचं कारण दात नव्हे आणि बटणही नव्हे. तो फोटो मी बघितला नव्हता तोवर हिचं एक काहीतरी बघायचं शिल्लक होतं. एकदा बघितला की संपलं. मग ती सगळी बघून झाली. हे मी त्याला कधी बोललो नाही. त्याला कळलं असावं, कारण तो खेचायचा, पण कधी ओढून नेलं नाही. नुसतं, “पुढच्या रविवारी कोट घालून ये.” आणि मी, “बघू.”

त्या रविवारी पडदा घडी करून मी घरी आलो. संध्याकाळी त्याच्या लेकीचा फोन आला. चहा मागितला होता त्यानं. ती घेऊन गेली तर खुर्चीतच, मान एका बाजूला. “काका, मला वाटलं बाबा मस्करी करतायत,” ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. मी फोन कानाला धरूनच ठेवला, पुढे काही येतंय का म्हणून.

सकाळी उठलो, दाढी केली. कोट काढला. बटण खरंच तुटलेलं होतं. सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला, आणि लावलं. सून म्हणाली, “बाबा, कोट कशाला? त्यांच्याकडे सगळे साधेच असतील.” मी म्हटलं, “मला बोलावलंय.”

त्याच्या घरी दोन-चार माणसं होती, हळू आवाजात बोलत. लेकीनं मला पाहिलं, कोट पाहिला, आणि काही न विचारता गराजकडे चालू लागली. पडदा मीच लावला. बटण दाबलं, दार कमरेपर्यंत वर घेतलं. लेकीनं बापाच्या कपाटातून एक जाड पाकीट आणलं.

“बाबांनी सांगून ठेवलंय, काका. तुम्ही बसल्याशिवाय द्यायचं नाही. सॉरी, पण रूल इज रूल.” नाक पुसून तिनं पाकीट फळीवर ठेवलं आणि कॅमेरा उचलला.

मी स्टुलावर बसलो. इतक्या लोकांना त्यावर बसवलं, पण ते इतकं उंच आहे हे मला माहीत नव्हतं. पाय लोंबकळतात. तिनं दोनदा खटखट केलं. मी दगड झालो होतो, मलाच कळत होतं. तिनं कॅमेरा खाली घेतला, बघितलं आणि म्हणाली, “झालं, काका.”

मी श्वास सोडला. आणि खट्ट आवाज आला.

बापाची लेक.

पाकीट तिनं माझ्या हातात दिलं. आत ही. काळा झगा, डोक्याला तो फेटा, गळ्यात म्हातारीचं चांदीचं कडं, आणि खाली त्याच चुण्या, एकूण एक जागेवर. तोंड उघडं टाकून हसतेय, बाजूचा पडलेला दात दिसतोय, दोन्ही कान झाकलेले. आणि बोटानं ती मागे काहीतरी दाखवतेय. पडद्याच्या कडेला घडीची खुर्ची. त्यात मी, मान मागे, तोंड सताड उघडं, घोरत असणार. हातात दोरा ओवलेली सुई तशीच वर धरलेली.

म्हणजे माझा फोटो त्या हरामखोरानं कधीच काढून ठेवला होता. मला बसवायची काही गरजच नव्हती.

लेक खांद्यावरून बघत होती. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. मी फोटो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि पडद्याची दोन टोकं तिच्या हातात दिली. तिला सवय नव्हती. जवळ आलो, टोकाला टोक लावलं, मागे सरलो. परत जवळ आलो.

मी म्हटलं, “झालं!”

तिनं सोडलं.